विवाह तीन

"नाव आठवत नसेल तर गंगा म्हणा, चालतं," गुरुजी म्हणाले. गेल्या पितृपक्षातली गोष्ट. वडील, आजोबा, पणजोबा ही नावे दादा घडाघडा बोलून मोकळा झाला. आईचे आले, आजीचे आले. पणजीपाशी गाडी अडली.

मी उठून कपाटातला कुलवृत्तांत काढला. लाल कापडी बांधणी, मध्ये घडी घातलेली वंशवेल. ती उलगडायला दर्भ-तीळ बाजूला सारावे लागले. पणजोबा सापडले. जन्मतिथी, मुलकी खात्यातली नोकरी, बदल्यांची गावे, पेन्शन, देवळापाशी विहीर बांधली त्याचा सालासकट उल्लेख. मग दोनच शब्द: विवाह तीन. पहिल्या दोघींपुढे रेघ आणि तिसरीपुढे माहेरचे आडनाव. म्हणजे पणजीच्या बापाचे आडनाव आम्हाला ठाऊक, तिचे नाव नाही. विहिरीला मात्र साल आहे.

कर्मकांडाला ऊठसूट नाके मुरडणाऱ्या माझ्यासारख्याने एक कबूल केले पाहिजे. श्राद्धात आई, आजी, पणजी या तिघींना नावाने बोलवावे लागते. गुरुजींच्या पोथीला जे हवे होते, ते आमच्या कुलमंडळाने छापलेल्या, गावोगाव पोस्टाने माहितीपत्रके पाठवून जमवलेल्या ग्रंथात नव्हते.

संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मिळालेले जुने कागदच तसे. आपल्याकडे वंशावळ लिहिली गेली ती आठवणीसाठी थोडी आणि दाव्यासाठी फार. वतनाचा तंटा आला, काढा वंशावळ. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले, इनामदारांना पिढ्यांचे पुरावे हजर करावे लागले, पुन्हा वंशावळ. ज्याला हिस्सा मागता येतो त्याची फांदी निघते. मुलीला हिस्सा नव्हता, म्हणून फांदीही नाही. आज कुणबी दाखल्यासाठी लोक कोतवाल बुकाच्या नकला आणि मोडी वाचणारा माणूस शोधत हिंडतात, तेव्हाही बोट बापाकडून आजोबाकडे असेच वर सरकते. 1994 साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क दिला. कुलवृत्तांतांच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मुली, जावई आणि न्यू जर्सीतली नातवंडे दिसू लागली आहेत. त्यात कायद्याचा वाटा किती आणि फोटो छापून येण्याच्या हौसेचा किती, देव जाणे.

पहिल्या दोघींपैकी एकीची खूण आमच्या देवघरात होती. खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी नखाएवढा एक टाक, त्यावर बाईचा पुसट झालेला मुखवटा. सवतीचा टाक. बिजवराला दिलेल्या मुलीने आधीच्या बायकोची अशी प्रतिमा गळ्यात घालायची, पुजायची. गेलेलीने संसाराला दृष्ट लावू नये म्हणून. भीतीपोटी का होईना, रोज कुंकू लागत होते. आजी ते बोट जरा दाबून टेकवायची, त्यामुळे नाक झिजून सपाट झाले होते. कुलवृत्तांतातल्या रेघेपेक्षा मला तो सपाट मुखवटा जास्त बोलका वाटतो.

घराणे आणि धर्म यांचे खरे वाचन करायचे तर मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडतो. 1934 पासून चार भागांत आलेले हे पुस्तक. माहेरची मनकर्णिका गोखले. वंशवेलीच्या हिशेबाने नारायण वामन टिळकांच्या नावाखालची एक ओळ. त्या ओळीने तोंड उघडले तेव्हा वडिलांच्या सोवळ्याने जेरीस आलेले घर दिसले, 1895 साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर दुभंगलेला संसार दिसला, आणि पाच वर्षांनी स्वतःही त्या वाटेने जाईपर्यंत पाण्याच्या घोटाघोटाशी चाललेली झटापट दिसली. तीही रडत नव्हे, स्वतःलाच हसत सांगितलेली. गोत्र, प्रवर आणि कुलदैवत अशा रकान्यांत यातले काय मावणार?

असो. गुरुजी खोळंबले होते. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "तिला सगळे जिजी म्हणायचे. खरं नाव? थांब, माळ्यावर रुखवताचा पितळी डबा असेल बघ." दादाने उघड्या अंगाने शिडी लावली. डब्याच्या झाकणावर ठोक्याठोक्यांनी कोरलेले, हिरवट पडलेले नाव चिंचेने घासल्यावर उमटले: सौ. सरस्वती. पिंड दिला, कावळाही शिवला. संध्याकाळी आत्याचाच फोन आला. तो डबा जिजीचा की तिच्या आधीच्या कुणाचा, ते तिला आता नक्की आठवत नव्हते.