दोन योजनांच्या मधला रुग्ण

सरकारी टिपणीतील एक शेरा मला नेहमी अस्वस्थ करतो : 'संख्या नगण्य'. हा शेरा पडला की विषय संपतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांना होणारा वृषणाचा कर्करोग हा असाच संपवलेला विषय आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. हा कर्करोग मुळात विरळा. भारतात तर पाश्चात्त्य देशांहून बराच कमी. पण तो ऐन उमेदीत, बहुधा १५ ते ४० या वयात गाठतो. एचआयव्ही असलेल्या पुरुषांत त्याचा 'सेमिनोमा' हा प्रकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, असे पाश्चात्त्य देशांतील नोंदींवरून दिसून आले आहे. तरीही एड्सचे निदर्शक मानलेल्या कर्करोगांत (कापोसी सार्कोमा, काही लिंफोमा, गर्भाशयमुखाचा कर्करोग) त्याची गणना नाही.

आणि हा रोग बरा होतो! १९७४ साली अमेरिकेत इंडियाना येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनयुक्त औषधयोजना वापरण्यास सुरुवात केली, तेव्हापासून चित्र पालटले. वेळेत निदान झाल्यास शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. एआरटी नियमित चालू असेल तर एचआयव्ही असलेल्या रुग्णालाही तीच शस्त्रक्रिया व तीच केमोथेरपी द्यावयाची असते. फक्त दोन विभागांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक असते. टेनोफोविर व सिस्प्लॅटिन या दोहोंचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो, तर झिडोवुडिनमुळे रक्तपेशी आणखी घटू शकतात. अशा वेळी एआरटीची औषधे बदलता येतात.

अडते ते प्रशासनात. १ एप्रिल २००४ पासून आपण मोफत एआरटी देतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. केंद्रावर प्रत्येक भेटीत क्षयरोगासाठी चार प्रश्न विचारावेत असा दंडक आहे : खोकला, ताप, वजनातील घट, रात्रीचा घाम. वृषणाविषयी मात्र एकही प्रश्न नाही. दुसरीकडे २०१० साली सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी होते. दोन्ही कार्यक्रम एकाच मंत्रालयाचे. हा रुग्ण मात्र दोहोंच्या मध्ये उभा.

उत्तरेकडील एका राज्यात असताना शिवणकाम करणाऱ्या एका तरुणाचा तक्रारअर्ज माझ्यापुढे आला होता. अंडकोषात न दुखणारी गाठ होती. एका डॉक्टरने हायड्रोसील म्हटले. एआरटी केंद्राने 'हे आमचे काम नव्हे' म्हणून शल्यविभागाकडे पाठवले. तेथे एचआयव्हीचा अहवाल पाहिल्यावर शस्त्रक्रियेची तारीख चार वेळा पुढे गेली. तोवर रोग पोटातील लसिकाग्रंथींपर्यंत पोचला. चौकशीत कोणीही दोषी ठरले नाही, कारण प्रत्येकाचा कागद बरोबर होता.

आज ही टोलवाटोलवी बेकायदा आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार आरोग्यसेवा नाकारणे हा भेदभाव ठरतो. तक्रार अधिकारी व लोकपाल यांचीही त्यात तरतूद आहे. पण तारखा पुढे ढकलणे म्हणजेही नाकारणेच, हे कोण सांगणार?

कोणी म्हणेल, इतक्या विरळ रोगासाठी सर्वांची तपासणी करायची काय? मुळीच नाही. लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी तज्ज्ञांनाही मान्य नाही, आणि मी ती मागत नाही. माझ्या मागण्या तीनच आहेत :

१) एआरटी केंद्रावर पुरुषांना एक प्रश्न विचारावा : गाठ, सूज वा जडपणा जाणवतो काय?

२) उत्तर 'होय' असल्यास ठरलेल्या मुदतीत सोनोग्राफी व शल्यचिकित्सकाची भेट व्हावी, आणि त्याची नोंद दोन्ही विभागांनी ठेवावी.

३) शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणाऱ्याने कारण लेखी द्यावे.

यांपैकी कशालाही नवी योजना वा नवे पद लागत नाही. एक परिपत्रक पुरे.

घरापासून दूर, परमुलुखात राहणाऱ्या माझ्या वाचकांनाही एक विनंती. ओळखीचा डॉक्टर नसतो, भाषा परकी असते, आणि या अवयवाविषयी बोलण्याची भीड तर सर्वांनाच असते. गाठ लागली तर महिनोन्महिने वाट पाहू नका. एचआयव्हीमुळे कोणी उपचार टाळत असेल, तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पोच घेतलेला कागद दडपणे आम्हा अधिकाऱ्यांनाही कठीण जाते.