रात्रीचा समुद्र आणि आपल्या होड्या

नेदरलँड्सच्या उत्तरेला वाडन नावाचा उथळ समुद्र आहे. ओहोटी लागली की तिथे मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते आणि बोटींना जायला अरुंद पाणवाटा तेवढ्या उरतात. 21 ऑक्टोबर 2022 रोजी सकाळी, अजून उजाडायचे होते तेव्हा, तिथल्या टर्स्खेलिंग बेटाजवळ एक जलद प्रवासी बोट आणि पाण्यावरची एक टॅक्सी एकमेकींवर आदळल्या. चार माणसे प्राणाला मुकली. बेटावर राहणाऱ्याला मुख्य भूमीवर जायचे तर बोटीवाचून गत्यंतर नसते. म्हणून ही बातमी आपल्यासारख्या बेटवासीयांना परकी वाटू नये.

त्याच टर्स्खेलिंगवर ब्रांडारिस नावाचे दीपगृह 1594 पासून उभे आहे. ते बांधून चारच वर्षे झाली होती तेव्हा, मे 1598 मध्ये, शेजारच्या टेक्सेल बेटापासून डच गलबते निघाली. त्यांतली काही सप्टेंबरात आपल्या ग्रां पोर्टला लागली आणि आपल्या बेटाला मॉरिस राजपुत्राचे नाव मिळाले. म्हणजे चारशेहून अधिक वर्षे दिवे लावणारे, 1824 पासून बुडत्यांना वाचवण्यासाठी स्वयंसेवकांच्या संस्था चालवणारे आणि धुक्यात बंदर बंद पडू नये म्हणून रॉटरडॅमच्या काठाने रडार बसवणारे हे लोक. त्यांच्या दारात असे घडते, तेव्हा केवळ यंत्रे असून भागत नाही हे कोणालाही कळेल.

उत्तर समुद्रातील दुसरी हकिकत याहून बोलकी आहे. 14 डिसेंबर 2002 च्या पहाटे दाट धुक्यात ‘ट्रायकलर’ हे जवळजवळ तीन हजार मोटारी भरलेले जहाज दुसऱ्या जहाजाच्या धडकेने फ्रान्सच्या किनाऱ्यापुढे बुडाले. खलाशी सारे वाचले. जागा सर्वांना कळवली गेली, पहाऱ्याला जहाजे उभी राहिली. तरीही दोनच दिवसांनी ‘निकोला’ हे डच जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर जाऊन अडकले, आणि 1 जानेवारी 2003 रोजी ‘विकी’ हे तेलवाहू जहाजही. सूचना होती, दिवे होते. वेळेवर डोळे उघडे ठेवून पाहणारा नव्हता, असेच म्हणावे लागते. शेवटी तो सांगाडा तारेने कापून तुकड्यातुकड्यांनी वर काढावा लागला. त्या कामात रॉटरडॅमची स्मिट ही कंपनी पुढे होती.

हे स्मिटचे लोक आपल्याकडेही येऊन गेले. 25 जुलै 2020 च्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, ‘वाकाशिओ’ हे तीनशे मीटर लांबीचे जहाज प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढले, तेव्हा ज्यांना बोलावले त्यांत तेही होते. मोबाईलला संपर्क मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणले गेले होते. पुरेसा मोठा नकाशा हाताशी नव्हता आणि डोळ्यांनी किंवा रडारने नीट पहाराही ठेवला नव्हता, असे ते चालवणाऱ्या जपानी कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले. पुढे सुमारे हजार टन तेल सांडले. माएबूरच्या लोकांनी उसाच्या पाचोळ्याचे तराफे करून ते कसे अडवले, हे आम्ही नव्याने सांगायला नको.

मोठ्या जहाजांच्या चौकशा होतात, अहवाल निघतात. आमची काळजी आहे ती लहान पिरोगची. भल्या पहाटे मासे मारायला जाणारे, किंवा सहलीहून उशिरा परतणारे आपले लोक पुष्कळदा असे समजतात की दिवा म्हणजे आपल्याला दिसावे म्हणून. तसे नाही. समुद्रावरचा दिवा दुसऱ्याला आपण दिसावे म्हणून असतो. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा सांगितला आहे. सात मीटरहून लहान, सावकाश चालणाऱ्या मोटरबोटीला चोहीकडून दिसणारा एक पांढरा दिवाही चालतो. वल्ह्याच्या होडीत निदान पेटती विजेरी हाताशी हवी. समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते जहाज थेट आपल्यावर येत आहे असे समजावे.

आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपली होडी सरळ चालली असता दुसऱ्याचा दिवा मोठा होत जातो, पण त्याची दिशा बदलत नाही, तर टक्कर ठरलेली. अशा वेळी ‘तोच वळेल’ म्हणून थांबू नये. वळायचे ते लवकर आणि एवढे, की त्याला स्पष्ट दिसेल. मालाने भरलेल्या जहाजाला थांबायला मैलाहून अधिक अंतर लागू शकते, आणि त्याच्या तांडेलाला आपली लाकडी होडी रडारवर दिसेलच असे नाही. डोलकाठीवर पत्र्याचा रडार-परावर्तक बांधला तर बरीच मदत होते.

हॉलंडसारखे धुके आपल्या समुद्रावर क्वचितच पडते. पण उन्हाळ्यातली पावसाची जोरदार सर तेच करते, आल्बियॉनचे दीपगृहसुद्धा दिसेनासे होते. अशा वेळी वेग कमी करावा आणि अधूनमधून इंजिन बंद करून कान द्यावा. शिडाच्या मोठ्या बोटीने एक लांब व दोन आखूड, इंजिनाच्या बोटीने एक लांब भोंगा निदान दर दोन मिनिटांनी द्यायचा असतो. लहान होडीने काही ना काही मोठा आवाज करावा, मग ती शिटी असो की डबा बडवणे असो.

आमची सूचना एवढीच की प्रत्येक गावच्या धक्क्यावर महिन्यातून एका रात्री तटरक्षक दल आणि मच्छीमार यांनी मिळून होड्यांचे दिवे पाण्यावरून पाहावेत, धक्क्यावरून नव्हे. मराठी मंडळींच्या सभांना तरुण मुले येतात. त्यांतली जी होडी घेऊन जातात त्यांना हे नियम मराठीत आणि क्रिओलमध्ये सांगितले जावेत. आणि घरच्यांनी निघणाऱ्याकडून परतीची वेळ विचारून ठेवावी. ती टळून गेली की अंगणात वाट पाहत न बसता लगेच तटरक्षक दलाला कळवावे.