उंदीर कुठून आणला?

"उंदरांवरचा प्रयोग यशस्वी" अशी बातमी आली की माझी खाला ती लगेच मला व्हॉट्सॲपवर पाठवते. तिला मधुमेह आहे. "बघ, दोन वर्षांत नवं औषध येतंय." तिची आशा मोडायला जीव होत नाही, पण हल्ली मी एक प्रश्न विचारतो: उंदीर कुठून आणले होते? ती हसते. प्रश्न थट्टेचा नाही.

२०१५ मध्ये शिकागो विद्यापीठात थॉमस गाजेव्स्की यांच्या गटाने एकाच वाणाचे उंदीर जॅक्सन आणि टॅकोनिक या दोन पुरवठादारांकडून घेतले. दोघांच्याही अंगात त्वचेच्या कर्करोगाच्या त्याच पेशी सोडल्या. टॅकोनिकच्या उंदरांत गाठ भराभर वाढली, जॅक्सनच्यांत सावकाश. मग दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून पाहिलं, तर फरक मिटला! उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात आणि त्यातून आतड्यातले जिवाणू इकडून तिकडे जातात. गाठीचा वेग त्या जिवाणूंवर अवलंबून होता.

म्हणजे एका पिंजऱ्यातले पाच उंदीर हे पाच वेगळे साक्षीदार नव्हेत. एकच साक्ष पाच तोंडांनी आलेली असू शकते. औषध दिलेले सगळे एका पिंजऱ्यात आणि न दिलेले सगळे दुसऱ्यात असतील, तर गुण औषधाचा की पिंजऱ्याचा, हे कसं ठरवायचं?

हा वाद कागदावरचा नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना टोचलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत धोका दिसला नव्हता. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. जीव वाचले, पण एकाची बोटं गेली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांचे गर्भ रानटी माद्यांच्या पोटी वाढवले. जनुकं तीच, जिवाणू मात्र जन्मापासून रानातले. त्याच जातीचं औषध दिल्यावर या पिल्लांत दाह उसळला. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ उंदरांत तसं झालं नाही. हे २०१९ साली छापून आलं. (चाचणीतल्या माकडांनीही इशारा दिला नव्हता, म्हणून सगळं खापर उंदरांवर फोडणं बरोबर नाही.)

यावरून "उंदरांवरचं संशोधन बंद करा" म्हणणाऱ्यांत मी नाही. ही चूकदेखील उंदरांवर प्रयोग करूनच सापडली. पण पुरवठादार कोण, खाद्य कोणतं, पिंजरे किती, हे शोधनिबंधात ठळक छापलं पाहिजे, आणि बातमी देणाऱ्याने मथळ्यातच "उंदरांत" हा शब्द लिहिला पाहिजे. आपल्याकडे तो चौथ्या परिच्छेदात सापडतो, सापडलाच तर.

काल खालाने आणखी एक बातमी पाठवली. त्यात उंदरांची संख्या होती, पिंजऱ्यांची नव्हती. मी उत्तर दिलं, "खाला, डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नकोस."