घाई करतो तो साहेब नव्हे



समजा, कल्याणच्या बाजार समितीत माल उतरवून तुम्ही नुकतेच घरी टेकला आहात. इतक्यात फोन वाजतो. "बँकेतून बोलतोय. तुमचे खाते आज संध्याकाळी बंद होणार. मोबाईलवर आलेले सहा आकडे ताबडतोब सांगा." बोलणाऱ्याला तुमचे नाव ठाऊक, गाव ठाऊक. मग त्याला परका कसे म्हणावे?

पण यात नवल नाही. सिमकार्डाला, कर्जाला, योजनेच्या अर्जाला आपण आधारची झेरॉक्स दहा जागी देतो. नाव-गाव सांगता येणे ही काही खरेपणाची खूण नव्हे.

हा धंदा कसा चालतो, ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच उघडे पडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. ७०० हून अधिक माणसे ताब्यात घेतली, ७० जणांना अटक केली. तिथली पोरे समोरचा कागद वाचून अमेरिकेतल्या लोकांना दरडावीत, "आम्ही कर खात्याचे अधिकारी. तुमचा कर थकला आहे. आत्ता भरा, नाहीतर पोलीस दारात येतील." घाबरलेली माणसे दुकानातून भेटकार्डे आणीत आणि त्यांवरचे आकडे फोनवर सांगत. भीती आणि घाई एकत्र आली, की शिकलेल्याचाही विचार थांबतो.

तिथे भेटकार्डाचे आकडे होते, इथे ओटीपी आहे, एवढाच फरक. हल्ली काही ठग पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच.

तेव्हा एवढे करा. घाई करणारा, धमकावणारा फोन आला की ठेवून द्या आणि शाखेत जाऊन विचारा. खरी बँक फोनवर ओटीपी मागत नाही. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने आलेली अनोळखी फाईल उघडू नका.

आणि चुकून आकडे सांगितलेच गेले, तर लपवू नका. घरचे रागावतील, गाव हसेल म्हणून गप्प बसलात, तर चोराचेच फावते. त्याच घडीला १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. उशीर झाला, की ते हाती लागणे कठीण.

आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा हे आजीला आणि शाळकरी पोरांनाही सांगा. फोन आता घरात सगळेच उचलतात.