वाळवंटांतील पाहुणा

जोधपूरहून पोकरणमार्गें जैसलमेरला मोटारीनें जाणारा प्रवासी, वाटेंतील खेजडीचीं झाडें व विरळ वस्ती पाहून, "येथें पाहण्यासारखें काय आहे?" असें विचारतो. आमच्या मतें दोष त्याच्या वेगाचा आहे. सम गांवाजवळील वाळूच्या टेकड्या त्यानें पायीं चढून पाहाव्या. पाण्याच्या घोटाचें मोल त्याचा घसाच त्यास शिकवील.

हा धडा घेऊन मग शहर पाहावें. इ. स. ११५६ मध्यें रावळ जैसल यांनीं वसविलेल्या या किल्ल्यांत आजहि लोक राहतात. पूर्वीं गडीसर तलावाचें पाणी घागरींनीं येई व जपून वापरलें जाई. पुढें नळ आले, पाहुण्यांचीं निवासस्थानें वाढलीं, सांडपाणी पायांत मुरलें आणि ९९ बुरुजांपैकीं कांहीं ढासळले. २०१३ सालीं हा किल्ला जागतिक वारसा ठरला, तरी पाण्याचें भय सरलें नाहीं. वेढे व अवर्षणें सोसलेला किल्ला उधळलेल्या पाण्यानें खचावा, ही केवढी विपरीत गोष्ट!

विद्यार्थिमित्रहो, प्रवास अवश्य करा. परंतु किल्ल्यावर पायीं जा, मुक्काम खालीं करा आणि एका बादलींत स्नान उरका. ज्याच्या घरीं पाणी थोडें, त्याच्या घरचा पाहुणा मितव्ययीच असावा.