नास्तिक ही शिवी नव्हे



'नास्तिक' ही आपल्याकडे शिवी झाली आहे. पूर्वी वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक; चार्वाकच काय, बौद्ध आणि जैनही त्यात आले. आज देव न मानणारा तो नास्तिक. अर्थ एवढाच. लबाडी, व्यसन हे आपण वरून चिकटवले.

माणूस नास्तिक का होतो? पेरणीआधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, उगवलेले मोजतो. पिशवीवरच्या छापावर विसंबत नाही. तसाच पुरावा कोणी देवाबद्दल मागतो. कोणी विचारतो, देव दयाळू तर दुष्काळ कष्टकऱ्याच्याच वाट्याला का? मीही असे विचारणाऱ्यांतलाच.

नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला. त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. हात जोडण्याची सक्ती करता येत नाही.

वारी खुशाल करा. पण बैठकीत कोणी आरतीला हात जोडले नाहीत, तर त्याला परका करू नका. त्याच्या कापसाला व्यापारी वेगळा भाव देत नाही.