बाक म्हणजे जागा नव्हे

जूनमध्ये शाळा उघडल्या की प्रत्येक पालिका वर्गखोल्यांची, बाकांची आणि प्रवेशांची संख्या अभिमानाने सांगते. या गणितात एक मूल नेहमी हिशेबाबाहेर राहते. ज्याला ऐकू येत नाही, ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याची बुद्धी सावकाश चालते किंवा ज्याला चाकांच्या खुर्चीवाचून हलता येत नाही, असे ते मूल. त्याची आठवण आज भेस्तानच्या निमित्ताने करावीशी वाटते.

तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग सुरतेजवळ उधन्यास मिळतो. या वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या आश्रयास आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या भागांत वसली. त्यांच्या मुलांसाठी सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्याही शाळा चालविल्या, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु ज्या मुलाला साध्या बाकापेक्षा अधिक काही हवे, त्याच्यासाठी मराठी शाळा जवळ असणे एवढ्याने भागत नाही. त्याच्यासाठी जागा म्हणजे प्रशिक्षित शिक्षक, चढता येईल असा उतार, ने-आण करणारे वाहन आणि त्याला कळणारी भाषा. यांतील एक जरी नसले, तरी रिकामा बाक रिकामाच राहतो.

भाषेचा प्रश्न तर विशेष नाजूक आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाची पारख त्याला न कळणाऱ्या भाषेत झाली, तर भाषेचे अज्ञान हे बुद्धीचे मांद्य ठरण्याची भीती असते. उलट खरा दोष भाषेच्या पडद्याआड वर्षानुवर्षे लपूनही राहतो. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

कायदा दुबळा आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शाळेचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तो अठराव्या वर्षापर्यंत नेला आणि परिसरातील शाळा की विशेष शाळा, ही निवडही दिली. अशा मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करावी, ही आज्ञा त्याच कायद्यात आहे. प्राथमिक स्तरावर अशा दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केले. तरीही भारतातील अपंगत्व असलेल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले कोणत्याही शाळेत जात नाहीत, असे युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालात नमूद आहे.

असे का व्हावे? कारण आपण मुले मोजण्याऐवजी अर्ज मोजतो. अर्ज आले नाहीत म्हणून शिक्षक नेमायचा नाही, आणि शिक्षक नाही म्हणून आईबापांनी अर्ज करायचा नाही, असे हे दुष्टचक्र आहे. मागावर बारा तास उभा राहणारा बाप दाखल्यासाठी इस्पितळाच्या चार खेपा घालू शकत नाही. प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. अखाजीला गावी गेलेले कुटुंब जूनमध्ये परतते, तेव्हा प्रवेशाची धावपळ संपत आलेली असते. त्याच्या दारी कोणी आधी गेलेच नाही, तर त्याला अनास्थेचा दोष देण्याचा अधिकार कोणाला?

इंग्लंडमध्ये विशेष गरजांची अधिकृत योजना मंजूर झालेले मूल माध्यमिक शाळेत जायचे असेल, तर सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्षासाठी त्याच्या शाळेचे नाव १५ फेब्रुवारीपूर्वी निश्चित करावे लागते. तेथील कारभारही निर्दोष नाही. पण शाळेने मुलाची वाट पाहावी, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. त्यासाठी विलायतेलाच जावे असेही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि भेस्तानपासून जवळचे नवसारी त्याच राज्यात होते. शिक्षण सक्तीचे करायचे तर घरोघरी मुले किती, हे राज्यकर्त्याला आधी ठाऊक हवे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. दिवाळी ते संक्रांत या काळात वस्तीवस्तीत मुलांची नोंद व्हावी. तपासणीची शिबिरे सुट्टीच्या दिवशी, वस्तीतच आणि मुलाच्या भाषेत भरावीत. होळीपूर्वी प्रत्येक पालकाच्या हाती शाळेचे नाव असलेले पत्र पडावे आणि त्या संख्येवरून शिक्षक व वाहने ठरावीत. घरी शिकविण्याची कायदेशीर सवलत अतितीव्र अपंगत्वासाठी आहे. शाळेची अडचण झाकण्यासाठी तिचा वापर होऊ नये.

गोमंतकातील वाचकांना भेस्तान दूरचे वाटेल. पण पोटासाठी परप्रांतातून आलेली मुले आपल्या झुआरीनगरातही आहेत, आणि २०२३ मध्ये पर्पल महोत्सव भरवून देशाचे लक्ष वेधणाऱ्या या राज्याला हाच प्रश्न उद्या कोणीही विचारू शकेल. उत्सवाने सहानुभूती जागते; हक्क मात्र नोंदवहीत नाव चढल्यावरच पदरी पडतो. ते नाव चढविण्याचे काम आईबापांचे नव्हे, शासनाचे आहे.